घरोघरचे केसकर

दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटाइतकाच ठरलेला एक लेख असतो. हल्लीची मुले वाचीत नाहीत, घरात गाणे उरले नाही, सिनेमाने आणि मोबाइलने सगळे नासवले! काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. त्याला शंभरावर वर्षे लोटली. चकली दरसाल नव्याने खुसखुशीत होते. हे रडगाणे मात्र केव्हाच मऊ पडले आहे.

माझे भांडण मुलांशी नाही. ते मुलांच्या वडिलांशी आहे, आणि त्यातही ज्यांना आपली अभिरुची उच्च असल्याची पक्की खात्री आहे अशा वडिलांशी. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. त्यामुळे विद्वान मंडळी मला उपदेश करायला संकोचत नाहीत. मीही त्यांना उत्तर द्यायला संकोचत नाही.

गेल्या पावसाळ्यात इथे रत्नागिरीत एका पालकसभेत एक वक्ते तासभर बोलले. त्यांचा उपाय सोपा होता. मोबाइल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली वडिलांच्या खिशात. आणि मुलाने रोज एखाद्या 'संस्कारक्षम' पुस्तकाची काही पाने वाचून सारांश वहीत लिहायचा, खाली वडिलांची सही. टाळ्या पडल्या.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी हा कायदा दुसऱ्याच दिवशी लागू झाला. पुस्तक निवडले गेले 'श्यामची आई'. महिन्याभराने मी त्याला विचारले, "काय रे, श्याम आवडला का?"

तो म्हणाला, "गुरुजी, अजून नऊ रात्री राहिल्यात."

बेचाळीस रात्रींचे ते पुस्तक. श्याम रोज रात्री मित्रांना जवळ बसवून आठवणी सांगतो, ऐकणारे उद्याची वाट पाहतात. आणि हा पोर उरलेल्या रात्री मोजतो आहे! साने गुरुजी आमच्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले हे खरे. पण वाचणाऱ्यानेही तुरुंगात बसावे असा त्यांचा हेतू खासच नव्हता.

वडिलांना मी गाठले. म्हटले, "तुम्ही वाचलंत का हो ते?"

"मास्तर, वाचायचं राहून गेलं. पण लहानपणी सिनेमा पाहिलाय. डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं."

आता बोला! आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेला तो चित्रपट; १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. या गृहस्थांना श्यामची आई भेटली ती सिनेमात, आणि मुलाला सिनेमा बंद. स्वतः ज्या दाराने आत आले, ते दार मुलासाठी लावून घ्यायचे याला संस्कार म्हणतात.

हा रोग नवा नाही. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ विद्वान, संगीताचे जाणकार. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. शास्त्रीय संगीताचा शनिवार रात्रीचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चित्रपटगीत म्हणजे हलका माल, अशी त्यांची समजूत. निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? ते मुकाट्याने धृपद ऐकत बसले नाहीत. त्यांनी काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि दर बुधवारी देशातली घरे अमीन सयानींच्या आवाजाने भरून जाऊ लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' काढून सरकारला आपलेच श्रोते परत बोलवावे लागले.

त्याच आकाशवाणीची दुसरी गोष्ट पाहा. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्याला एक गीत, अधिक मास धरून वर्षभरात छप्पन्न. ते ऐकण्याची सक्ती कोणी केली नव्हती. रेडिओसाठी तेव्हा परवाना काढावा लागे, दरसाल फी भरावी लागे. आळीत एखाद्याकडे रेडिओ असायचा आणि बाकीचे त्याच्या ओटीवर जमायचे. रेडिओला हार घातले जात, असे जुनी माणसे अजून सांगतात. आणि हे करणारे कोण? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके. दोघेही सिनेमातले! ज्या हातांनी हलका माल तयार होतो म्हणून नाके मुरडली गेली, त्याच हातांनी ते लिहिले आणि स्वरबद्ध केले. याच माडगूळकरांची कथा घेऊन शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चाळण घेऊन बसलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही की दाणे आणि कोंडा एकाच कणसातून येतात.

कोणी म्हणेल, मास्तर, रेडिओ आणि मोबाइल यांत फरक आहे. आहे, मी नाकारीत नाही. गीतरामायणाचे एक गीत संपले की पुढच्यासाठी आठवडाभर थांबावे लागे. मोबाइलवरचे एक संपण्याआधी दुसरे येऊन उभे राहते. शिवाय रेडिओ सगळ्या आळीला ऐकू जाई, आणि हा कानात बोळे घालून एकट्याने ऐकायचा. रात्री बारापर्यंत पोर अंथरुणात ते घेऊन पडले तर ते काढून घ्यावेच, त्याला माझी हरकत नाही. पण काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवलेत? वही! आणि स्वतः पलीकडच्या खोलीत जाऊन आपला मोबाइल उघडलात.

आमच्या घरचा आठवडा सांगतो. आदर्श म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. रविवारी सकाळी सगळे वाचनालयात. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे लोकमान्यांचा जन्म याच गावात झाला त्याच्याही अठ्ठावीस वर्षे आधीचे. प्रत्येकाने आपले पुस्तक आपण घ्यायचे, दुसऱ्याने नाक मुरडायचे नाही. मुलगा भुताखेतांच्या गोष्टी आणतो. मी त्या वाचतो. त्यांतल्या काही माझ्या कादंबऱ्यांपेक्षा बऱ्या असतात. सोमवार-मंगळवार काही घडत नाही, वह्या तपासायच्या असतात. बुधवारी मुलीने कसलेसे धडाधड बोलत जाणारे गाणे मोठ्याने लावले. माझ्या कपाळाला आठी पडणार तोच आई म्हणाली, "काय म्हणतोय गं तो?" नातीने अर्थ सांगितला: जवळची माणसे विचारीत नाहीत म्हणून तो चिडला आहे. "मग जात्यावर आम्ही हेच गाऱ्हाणं गात होतो की," आई म्हणाली, "फक्त इतक्या घाईत नव्हतो." आणि तिने दोन ओव्या म्हटल्या. त्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. गाणे बंद करायला लावले असते तर पुढेही ऐकल्या नसत्या.

आणि शनिवारी चित्रपट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरच्या शनिवारच्या मराठी चित्रपटाला शेजाऱ्याच्या घरी कशी दाटी व्हायची, हे गहिवरून सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगणारे बहुतेक पुरुष असतात. त्या घरातल्या बाईला एकदा विचारा. तिने चित्रपटाचा पूर्वार्ध स्वयंपाकघरातून नुसता ऐकलेला असतो आणि उत्तरार्धात पाहुण्यांना चहा दिलेला असतो. घरातले सगळे एकत्र बसत होते म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ती कधी धरलेलीच नव्हती. म्हणून आमच्याकडे शनिवारी रात्री फक्त कुळथाची पिठी आणि भात, तोही दिवे लागायच्या आत उरकायचा. आणि चित्रपट आळीपाळीने एकेकाने निवडायचा.

गेल्या शनिवारी निवड आमच्या सौभाग्यवतींची होती. मला तो चित्रपट बिलकूल आवडला नाही, पण शेवटपर्यंत बसलो. भात मुलाने लावला होता. जरा फडफडीत झाला होता.