रिक्षा तिची, मीटर कुणाचे?

बाईच्या हाती चाक दिले की ती स्वावलंबी झाली, असे सरकारला वाटते. महिला व बालविकास विभागाच्या 2024 च्या पिंक ई-रिक्षा योजनेत अमरावतीचा समावेश आहे. किमतीचे 10 टक्के बाईने भरायचे, 20 टक्के शासन देणार, उरलेले 70 टक्के बँकेचे कर्ज. रिक्षा बाईच्या नावावर होते, हे थोडे नव्हे. पण ती रिक्षा चार्ज कुठे करायची? जवळ सार्वजनिक चार्जिंग नसेल तर उत्तर एकच उरते : घरी.

आणि घर कुणाचे? विजेचे मीटर बहुधा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नाहीतर घरमालकाच्या नावावर. दिवसाला 6 युनिट धरले तरी 25 दिवसांचे 150 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढे दर चढतो. म्हणजे दिवे-पंखे सोडून एकट्या रिक्षानेच स्वस्त टप्पा ओलांडला. मग दर महिन्याला "एवढं बिल कोन भरन?" ऐकायचे. भांडण झाले की रात्री प्लग काढून ठेवला, की दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडाला; बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आर्थिक छळालाही हिंसाचार मानले आहे. आपल्या सल्ला केंद्रांनी हा प्लगही त्यात धरला पाहिजे.

राज्याच्या 2021 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात 2025 पर्यंतचे चार्जिंग केंद्रांचे उद्दिष्ट होते. मुंबई महानगर परिसराला 1500, पुण्याला 500, अमरावतीला 30. अकोल्याचे त्या शहरांच्या यादीत नावच नाही. समृद्धी महामार्ग मात्र चार्जिंगने पूर्ण सज्ज करायचा होता. आणि त्या महामार्गावर दुचाकी-तीनचाकीला प्रवेशच नाही! मोटारींच्या जलद चार्जरचा प्लगही बहुतेक रिक्षांना बसत नाही. मग हे चार्जिंग कुणाला डोळ्यांपुढे ठेवून आखले, ते वेगळे सांगायला नको.

"मागणी वाढली की कंपन्या येतील, सध्या बाया आहेतच किती?" हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. बाजारपेठेत बायांसाठी मुतारी मागितली तेव्हाही हेच ऐकले. सोय नाही म्हणून बाया बाहेर पडत नाहीत, आणि बाया दिसत नाहीत म्हणून सोय नाही. हे चक्र बाजार तोडत नाही, सार्वजनिक पैसा तोडतो. पूर्वी नळ चौकात आला तो नफा पाहून नव्हे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक, महापालिकेने बडनेरा स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक आणि जिल्हा स्त्री रुग्णालय यांच्याजवळ रिक्षा-दुचाकीला चालेल असे स्वस्त चार्जिंग सुरू करावे. तिथे उजेड, संडास, पिण्याचे पाणी आणि छप्पर हवे. वऱ्हाडच्या उन्हात तासन् तास उघड्यावर थांबणे माणसाचे काम नाही. दोन, ही केंद्रे बचत गटांना चालवायला द्यावीत. चार्जिंग केंद्राला वेगळा वीजपरवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने 2018 मध्येच स्पष्ट केले आहे. तीन, मीटर बाईच्या नावावर मिळावे. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तर तिथे राहणाराही वीज मागू शकतो. घरमालकाच्या कागदावर तिचा अर्ज अडू नये.

नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने जमीन बायकोच्या नावे करा म्हणून सांगितले. सातबारा झाला, घराचा उतारा झाला, आता मीटर. प्रत्येक गटाने आपल्या प्रभागात फिरून मोजावे : चार्जिंग केंद्रे किती, रात्री उघडी किती, रिक्षाला चालणारी किती. ती यादी घेऊन महापालिकेत आणि महावितरणच्या कार्यालयात जाऊ, आणि लेखी उत्तर घेतल्याशिवाय उठायचे नाही.