आधी ब्रेक, मग रंग

कोकणातल्या जुन्या जीपचं मॅटिंग उचललं की खालचा पत्रा हातात येतो. जयपूरजवळच्या सांगानेरला गाडी सहसा अशी सडत नाही. हवा कोरडी, लोखंड टिकतं. म्हणून जुनी महिंद्रा शोधणाऱ्याची नजर तिकडे वळते. पण तिथलं ऊन पत्र्याला सोडतं आणि रबराला धरतं. इंधनाचे पाइप, ऑइल सील, पाट्यांचे बुश कडक होऊन तडकतात. हे बाहेरून दिसत नाही, आणि खिसा हलका असला तरी माणूस पैसे घालतो ते दिसणाऱ्या गोष्टींवरच.

माझं म्हणणं एवढंच : पैसे कमी असतील तर खर्चाचा क्रम चुकवू नका. आधी कागद, मग चासी आणि ब्रेक, त्यानंतर इंजिन. रंग सगळ्यांत शेवटी.

चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी तंतोतंत जुळत नसेल, तर पुढचा प्रत्येक रुपया पाण्यात. गाडी महाराष्ट्रात आणायची तर मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र हवं. शिवाय वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क केंद्राने 2025 मध्ये 10,000 रुपये केलं आहे. हा खर्च हिशेबात पहिल्या दिवशीच धरा.

मग ब्रेक. महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपच्या चारही ड्रमना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट असतं. एका चाकाशी ऑइल गळलं की चारही ब्रेक जाऊ शकतात. ड्रम उतरवा, व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट बोटाने मागे सारा. आत ओल दिसली तर सिलिंडर खोला. आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर नवे कप घालून भागत नाही, तेही गळतात. अख्खा सिलिंडरच बदला. इथे काटकसर करू नये.

इंजिन मात्र आहे तेच दुरुस्त करा. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली आणि तो साचा पुढे कित्येक दशकं चालवला. म्हणून सुटे भाग अजून सापडतात, आणि उरलेलं काम चांगला लेथवाला करून देतो. दुसरं इंजिन बसवण्याचा, बॉडी कापण्याचा मोह महागात पडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तंगीमुळे जीप मूळ रूपात राहिली तर त्यात तिचं भलंच आहे.

उघड्या पत्र्याला तूर्त प्राइमर आणि साधा एनॅमल पुरतो. जो मिस्त्री आधी ड्रम उतरवून बघतो, त्याच्याकडे गाडी सोपवा. जो आधी रंगाचं कार्ड पुढे करतो, त्याला नमस्कार करून पुढे चला.