देवाणघेवाण आणि द्वंद्व : एक विचार

मोबाईलवरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मत आपल्या वडीलधाऱ्यांत सर्रास आढळते. ते खोडून काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या खेळात हजारो अनोळखी माणसे एकाच वेळी वावरतात, तेथे एक छोटा समाजच उभा राहतो. आणि समाज म्हटला की बाजार आला, भांडण आले, कायदाही आला. म्हणूनच खेळाडूंना आपापसांत वस्तूंची देवाणघेवाण आणि द्वंद्व करण्याची मुभा असावी की नसावी, हा प्रश्न मला विचार करण्याजोगा वाटतो.

‘रूनस्केप’ या खेळाचेच उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील जॅगेक्स कंपनीचा हा खेळ २००१ सालापासून चालू आहे. त्यात खेळाडू लाकडे तोडतो, मासे धरतो, खाणीतून धातू काढतो आणि तो माल इतरांस विकतो. पुढे काही लोक खेळातील नाणी खऱ्या पैशाने विकू लागले. चोरलेली क्रेडिट कार्डेही त्यात वापरली जाऊ लागली. तेव्हा कंपनीने २००७ च्या अखेरीस व जानेवारी २००८ मध्ये कडक निर्बंध घातले. ‘विल्डरनेस’ नावाच्या रानात एकमेकांना मारून माल लुटणे बंद झाले, द्वंद्वातील पैजेवर मर्यादा आली, आणि दोन्ही बाजूंच्या मालाची किंमत जवळपास सारखी असल्याशिवाय व्यवहारच होईना. नवख्या खेळाडूला पंधरा मिनिटांत ३,००० नाण्यांहून अधिक फरक चालत नसे.

वरवर पाहता हा नियम किती न्याय्य! सारखे द्या, सारखे घ्या. परंतु या समानतेने दानाचा बळी घेतला. जुन्या खेळाडूने नवख्याला एखादी चांगली तलवार सहज देऊन टाकणे अशक्य झाले. मी माझ्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. प्रथम वर्षाची पुस्तके मला वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एक पैसाही न घेता दिली. त्या नियमाच्या तराजूत आमचा हा व्यवहार संशयास्पदच ठरला असता! ज्याच्यापाशी मोबदल्यात देण्याजोगे काही नसते, त्याला असमान व्यवहाराचाच आधार असतो.

याउलट द्वंद्वातील पैज पाहा. दोघेही माल लावतात, दोघांचीही संमती असते. कागदोपत्री सारे समान. शेवटी मात्र एकाचे सर्वस्व दुसऱ्याच्या पदरात पडते. धर्मराजाही द्यूताला स्वतःच बसला होता! आपल्या जत्रेतील कुस्तीत इनाम गावाचे असते. पैलवान आपले शेत पणाला लावत नाही. म्हणून माझा विरोध द्वंद्वाला नाही, पैजेला आहे. या खेळाच्या ‘ओल्ड स्कूल’ आवृत्तीत २०२२ साली पैजेचे मैदान बंद करून त्याच वर्षी बिनपैजेचे मैदान सुरू केले, ते योग्यच झाले.

कोणी म्हणेल, मुक्त व्यवहार म्हणजे काळ्या बाजाराला दार उघडणे. पण आठवडे बाजारात खिसेकापू शिरतात म्हणून आपण बाजार उठवत नाही, खिसेकापूला धरतो. जानेवारी २०११ पर्यंत चाललेल्या मतदानात १२ लाखांवर मते पडली, त्यांपैकी ९१ टक्के निर्बंध उठवण्याच्या बाजूने होती, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी ते उठले. खेळाडूंना विचारले हे उत्तम. मात्र मुक्त व्यवहार आणि रानातील लुटालूट हे दोन निराळे प्रश्न एकाच मतपत्रिकेत बांधले गेले, ही त्यातली उणीव.

आपल्या संसदेनेही २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. म्हणजे हा विषय केवळ परदेशचा राहिलेला नाही. नियम करणाऱ्यांनी, मग ते कंपनीतले असोत वा सरकारातले, एवढेच पाहावे : दोन्ही पारडी सारखी दिसली म्हणून व्यवहार निर्दोष ठरत नाही, आणि एक पारडे रिकामे दिसले म्हणून तो गुन्हाही ठरत नाही.

— द्वितीय वर्ष, कला