घर स्वतः रंगवा, पण जुना ऑईलपेंट कोरडा घासू नका

आखाजी जवळ आली की माझ्या दवाखान्यात रंगाचे पेशंट सुरू होतात. मुली माहेरी येणार, म्हणून घराघरात रंगकाम निघतं. यंदा 62 वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आले. "डॉक्टरसाहेब, डोकं गरगर फिरस." मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. रंगारी वेळेवर मिळेना, म्हणून तिची खोली त्यांनी स्वतःच रंगवायला घेतली होती. धुळ्याचं ऊन, बंद खोली, थिनरचा वास आणि ब्लडप्रेशरची गोळी. चक्कर येण्याचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही.

पण मला दुसरीच काळजी वाटली. "गुरुजी, दारं-खिडक्यांचा जुना रंग कशानं काढला?"

"पॉलिश पेपरनं. दोन दिवस घासला. मुलगी शेजारीच बसलेली, गप्पा मारत."

माझं मत आधीच सांगतो. घर स्वतः रंगवायला माझा विरोध नाही. उलट निवृत्तीनंतर माणसानं असं काम जरूर करावं. लोक नव्या रंगाच्या वासाला घाबरतात. मला मात्र जुन्या रंगाच्या धुळीची जास्त भीती वाटते.

पूर्वीच्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं. त्यानं रंग लवकर वाळायचा, पिवळा-लाल रंग खुलून दिसायचा. आपल्या देशात घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग इतकी कायद्यानं ठरली आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचा रंग अजून आपल्या चौकटींवर, गजांवर, भिंतीच्या खालच्या ऑईलपेंटच्या पट्ट्यावर आहे. जुन्या धुळ्यातल्या गल्ल्यांमध्ये लाकडी दारांवर रंगाचे थरावर थर असतात. चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीची मला एवढी चिंता नाही.

घट्ट चिकटलेला रंग काही करत नाही. कोरडा घासला की त्याची बारीक धूळ होते, ती फरशीवर, गादीवर, रांगत्या मुलाच्या हातावर बसते आणि तिथून पोटात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं लहान मूल शोषून घेतं. गरोदरपणी ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतं. बाळाच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

"आम्ही जन्मभर घर रंगवलं, कुठं काय झालं?" हे मी नेहमी ऐकतो. एक तर आपल्या आजोबांच्या काळी भिंतीला चुना असायचा, ऑईलपेंट नव्हे. आणि शिशामुळे ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल अभ्यासात थोडं मागं पडतं, चिडचिड करतं, पोट दुखतं म्हणतं, रक्त कमी निघतं. यावरून चौकटीच्या रंगाची आठवण कोणाला होणार? शंका असेल तर रक्तातल्या शिशाची वेगळी तपासणी करावी लागते, नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही.

म्हणून जुना रंग घट्ट असेल तर तो काढूच नका. ओल्या पॉलिश पेपरनं हलकेच खरबरीत करा आणि त्यावर नवा हात द्या. पोपडे आले असतील तर पाणी मारून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा. ब्लो लॅम्पनं जाळू नका, त्यात शिशाची वाफ निघते. नाकाला उपरणं बांधून भागत नाही, एन-95 मास्क घाला. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. कामाचे कपडे वेगळे धुवा. गरोदर बाई आणि लहान मुलं तेवढे दिवस दुसऱ्या घरी राहू द्या. आखाजीच्या चार दिवस आधी हे काम काढू नका, महिनाभर आधी काढा. नवा डबा घेताना त्यावर शिसं नसल्याचं लिहिलंय का बघा.

एका गोष्टीवर मात्र मला राग येतो. उरलेलं टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतात! उन्हाळ्यात मूल ती सरळ तोंडाला लावतं. असं झालं तर उलटी करवू नका, उलटीतून ते फुप्फुसात जातं आणि खरा धोका तिथं आहे. लगेच दवाखाना गाठा. डोळ्यात चुना गेला तर आधी घरीच वाहत्या पाण्यानं 15-20 मिनिटं डोळा धुवा, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

साठी ओलांडलेल्यांनी टेबलावर स्टूल ठेवून छत रंगवू नये. मान वर केली की तोल जातो. घोडी घ्या आणि खाली कोणाला तरी ती धरायला लावा. दमा असेल तर रंगवलेल्या खोलीत काही दिवस झोपू नका. कूलर लावलात तरी समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर वास खोलीतच फिरत राहतो.

गुरुजींच्या मुलीला मी त्याच दिवशी काकांकडे राहायला पाठवलं. तिच्या रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली, तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला. गुरुजींनी खोलीतली गादी, पडदे बाहेर काढले आणि फरशी तीनदा ओल्या फडक्यानं पुसली. एका खिडकीचा रंग अजून बाकी आहे. पाण्याची बादली घेऊन ती संपवतो म्हणाले.