आमचा किनारा आम्हांला कोण सांगणार?

अलीकडच्या काळात वसईच्या किल्ल्यात सुट्टीच्या दिवशी एक नवे दृश्य दिसू लागले आहे. मुंबईहून बसगाड्या येतात, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेले तरुण खाली उतरतात आणि त्यांच्यामागून पाहुण्यांचा जथा दर्या दरवाजाकडे निघतो. कोणी याला वारसाफेरी म्हणतात, तर कोणी निसर्गफेरी. या उपक्रमांचे आम्ही मनापासून स्वागत केले होते. ज्या भिंतींनी आजवर दारूच्या बाटल्या आणि कोळशाने लिहिलेली नावे सोसली, त्या भिंतींकडे कोणी जिज्ञासेने पाहावे ही गोष्ट लहान नव्हे. परंतु अशा दोन फेऱ्यांत आम्ही स्वतः चालून आलो आणि जे ऐकले, त्याहूनही अधिक जे ऐकायला मिळाले नाही, त्यामुळे ही लेखणी हाती घेणे भाग पडले.

पहिली फेरी इतिहासाची. वाटाड्या अभ्यासू होता. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. दोन वर्षांच्या मोहिमेनंतर १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला. १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. सनावळ्या चोख होत्या. मात्र एका उद्ध्वस्त चर्चमध्ये उभा राहून तो सहज म्हणून गेला, “फिरंगी गेले, त्यांची ही माणसे तेवढी मागे राहिली.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. आमच्यासोबत आमच्या धर्मग्रामातील सातवीत शिकणारा एक मुलगा होता. परतताना त्याने हळूच विचारले, “आजोबा, आपण मागे राहिलेले का?” आजोबा काही बोलले नाहीत.

वाचकहो, त्या प्रश्नाला उत्तर आहे. आपण मागे राहिलेलो नाही, आपण येथलेच आहोत. पोर्तुगीजांचे पहिले गलबत या खाडीत शिरण्यापूर्वी आपले पूर्वज येथे वाडी शिंपीत होते, जाळी विणीत होते, मीठ पिकवीत होते. त्यांनी धर्म बदलला. भूमी बदलली नाही, भाषाही टाकली नाही. आजही आपल्या घरांत पोर्तुगीज नव्हे, तर सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोली बोलल्या जातात. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली संतपदास पोहोचले. १७३९ च्या तहात, जे ख्रिस्ती लोक येथे राहू इच्छितात त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक असेल, असे कलम होते. युरोपीय मठवासी निघून गेले. पुढे धर्मग्रामे एतद्देशीय धर्मगुरूंनी सांभाळली. विजेत्यांनी हा शब्द दिला आणि जितांनी घर सोडले नाही, ही दोन्ही बाजूंना शोभा देणारी कथा आहे. ती फेरीत सांगायला दोन मिनिटेही लागली नसती.

येथे आपल्याच माणसांनाही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. पोर्तुगीज राजवटीने देवळे पाडली आणि अन्य धर्मीयांवर जाचक निर्बंध लादले. हे कोणी सांगू लागले की आपल्यातील काही जण अस्वस्थ होतात आणि विषय बदलतात. असे करण्याचे कारण नाही. त्या राजवटीचा हिशेब तिच्या नावावर आहे, आपल्या नावावर नाही. आपण स्वतःच अर्धा इतिहास सांगू लागलो, तर इतरांनी अर्धा सांगितल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? वसईहून गेलेली घंटा आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. ती युद्धातील लूट होती हे सांगावे, आणि तीनच शतकांच्या आत तीच घंटा तेथील भाविकांची झाली हेही सांगावे. ऐकणाऱ्याला दोन्ही पचतात. त्याला लहान मूल समजून अर्धेच भरवणे हा त्याचा अपमान आहे.

दुसरी फेरी निसर्गाची. ती पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता ठेवली होती. आम्ही खाडीकाठी पोहोचलो तेव्हा उधाणाचे पाणी तिवरांच्या खोडांपर्यंत चढले होते. चिखल नाही, चिखलातून वर येणारी श्वसनमुळे नाहीत, निवटी नाही, चिंबोरी नाही, चिखलात चोच खुपसणारे पक्षीही नाहीत. मार्गदर्शकाने पुठ्ठ्यावर चिकटवलेली रंगीत चित्रे दाखवली आणि “आज दर्शनाचा योग नाही” असे सांगितले. बाजूला होडीचे काम करीत बसलेला एक वृद्ध कोळी हसला. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “पोरांनी तिथी बघितली असती तर योग आला असता.”

त्याचे गणित साधे आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. घड्याळ, तक्ता वा यंत्र न लागणारे हे ज्ञान किल्ल्याच्या भिंतीला लागून असलेल्या पाचूबंदरात घरोघरी होते. ज्या निसर्गफेरीला निसर्गाचे हे पहिले वेळापत्रकच ठाऊक नाही, तिने पाहुण्यांना काय शिकवायचे? ऐरोलीला वन विभागाच्या केंद्रातून ठाणे खाडीतील रोहित पक्षी दाखवायला नौका जातात, त्यांच्या वेळा भरती-ओहोटी पाहूनच ठरतात. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. तिच्यासाठी पाण्याला आणि पाण्यावर जगणाऱ्याला विचारावे लागते, इतकेच.

आमचा आक्षेप केवळ या दोन फेऱ्यांच्या चुकांवर नाही. चुका सुधारता येतात. आमचा आक्षेप त्यामागच्या समजुतीवर आहे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, निसर्ग म्हणजे पक्ष्यांची नावे, आणि या दोहोंच्या मध्ये राहणारा माणूस म्हणजे चहा आणि शहाळे विकणारा, अशी ती समजूत आहे. म्हणूनच एक फेरी भिंतीपाशी थांबते आणि दुसरी पाण्यापाशी. भिंत आणि पाणी यांचे नाते कोणीच सांगत नाही.

वस्तुतः किनाऱ्यावर या गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. किल्ल्याच्या बांधकामातील चुन्यात शिंपल्यांचे तुकडे आजही दिसतात; म्हणजे तट ज्या खाडीवर पहारा देत होता, तिच्याच पोटातून तो उभा राहिला. जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बासिलिकेच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईकडून समुद्रमार्गे गेला. तो दगड फोडणारे हात, तो वाहून नेणारी गलबते आणि त्या गलबतांना वाट देणारे भरतीचे पाणी, यांतले काय इतिहासाचे आणि काय निसर्गाचे?

आणि हा केवळ जुन्या काळाचा प्रश्न नाही. तिवराचे पान उलटे करून जिभेला लावा, ते खारट लागते. मुळांनी शोषलेले मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकते. शाळकरी मुलांना ही गंमत दाखवतात, ते चांगलेच आहे. पण त्याच मुलांना हेही सांगा की ही कांदळवने तोडण्यास व त्यांत भराव टाकण्यास मुंबई उच्च न्यायालयाला २००५ साली मनाई करावी लागली आणि २०१८ साली तीच भूमिका अंतिम निकालाने पक्की करावी लागली. त्याच २०१८ च्या जुलैत वसईत पाणी शिरले, रेल्वे थांबली, मिठागरांवरील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. पाण्याच्या जागेवर माणसाने भराव टाकला की पाणी माणसाच्या घरात जागा शोधते. ज्या फेरीत खंड्या आणि बगळा दाखवला जातो, पण बगळ्याची पाणथळ जागा कोठे गेली हे विचारले जात नाही, ती फेरी शिक्षण नसून करमणूक आहे.

कोणी म्हणेल, या गोष्टी सांगायला प्रशिक्षित माणसे लागतात. गावकरी ते कसे करणार? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या, तेव्हा त्याही घरकाम आणि मासळी सांभाळणाऱ्याच होत्या. शास्त्रीय नावे शिकता येतात. परंतु कोणत्या वळणावर पाणी फिरते, कोणत्या महिन्यात कोणती मासळी आत येते, हे शहरातून आलेल्या मार्गदर्शकाला एका शिबिरात शिकवता येत नाही. दोघांनी मिळून फेरी चालवावी, आणि शुल्कातील वाटाही दोघांना मिळावा. ज्ञान गावाचे आणि पैसा दुसऱ्याचा, हा व्यवहार आम्हांला मान्य नाही.

आता स्वतःकडे वळू या. कारण या लेखातील अधिक कठोर शब्द आमच्यासाठीच राखून ठेवले पाहिजेत. बाहेरचे लोक आमचा किनारा चुकीचा सांगतात, कारण आम्ही तो सांगणे सोडून दिले. किल्ल्यातील चर्चच्या जमिनीत कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर चटई पसरून जेवणाऱ्या पाहुण्यांचा आम्हांला संताप आला. पण आमच्याच लोकांनी सणाच्या दिवशी तेथे टाकलेल्या पत्रावळी आणि प्लॅस्टिकचे पेले आम्ही पाहिलेले नाहीत काय? पाणथळ जागा बुजली म्हणून आम्ही हळहळतो; पण भराव टाकणाऱ्याला जमीन विकणाऱ्यांत आमची आडनावे नव्हती काय? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा याच धर्मग्रामांतील हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. २०२४ साली फादर गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या सभांना आम्ही गर्दी केली; त्यांनी ज्या विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी आवाज उठवला, त्या आपल्या नातवंडांना दाखवायला आम्ही किती वेळा गेलो?

“ख्रिस्तसभेला याहून मोठी कामे आहेत,” असेही ऐकू येते. मोठी कामे आहेतच. परंतु आपण कोण, कोठले, हे ज्या मुलाला कळत नाही, त्याला उद्या कोणीही काहीही सांगेल आणि तो मान खाली घालून ऐकेल. त्या सातवीतल्या मुलाची मान आम्ही खाली गेलेली पाहिली आहे. ते काम आम्हांला लहान वाटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. किल्ल्यात व खाडीकाठी फेऱ्या काढणाऱ्या संस्थांनी तिथी पाहून वेळ ठरवावी, ध्वनिक्षेपक आणू नयेत, थडग्यांच्या शिळांवर पाय व पंगत पडू देऊ नये आणि प्रत्येक फेरीत मानधन देऊन एक तरी स्थानिक माणूस बोलता ठेवावा. आपल्या धर्मग्रामांनी धर्मशिक्षण वर्गातील मुलांना वर्षातून एकदा, बसने नव्हे तर पायी, किल्ल्यात आणि ओहोटीच्या वेळी खाडीवर न्यावे. ज्यांना जाळी, मिठागरे, वाड्या आणि रहाट आठवतात अशा वृद्धांचे बोल त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्यावेत. आपल्या तरुणांपैकी चार-पाच जणांनी तरी पोर्तुगीज शिलालेख वाचायला आणि झाडापक्ष्यांची नावे सांगायला शिकावे. शेजारच्या हिंदू आणि मुसलमान बांधवांना या फेऱ्यांत बरोबरीने बोलवावे, कारण खाडी एकट्या आपली नाही.

यांतील एकाही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. सुरुवात करण्यासाठी एक रविवार पुरेसा आहे. मिस्सा आटोपल्यावर पंचांगात तिथी पाहा, पाऊणपट करा आणि ओहोटीच्या वेळी मुलाचा हात धरून खाडीवर जा. त्या आजोबांनाही आम्ही हेच सांगितले आहे. त्यांनी नातवाला उत्तर द्यायचे आहे आणि ते त्या तटाशी, त्या चिखलाशी उभे राहूनच द्यावे लागेल.