श्वास कोणत्या भाषेत धरायचा?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने किरणोपचाराच्या यंत्राविषयी लिहावे, हा विज्ञान शाखेच्या मित्रांना आगाऊपणा वाटेल. वाटो! गेल्या पावसाळ्यात मावशीबरोबर मी तीन आठवडे एका रुग्णालयात जात होते. तिथे अडले होते ते भाषेपाशीच.

मावशीला डाव्या स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, मग शेक. डाव्या बाजूची पंचाईत अशी की बरगड्यांआड लगेच हृदय, आणि किरण त्यालाही सोडत नाहीत. स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला पोचलेल्या सरासरी मात्रेच्या दर ‘ग्रे’मागे हृदयविकाराच्या गंभीर घटना ७.४ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले. यावरचा उपाय मात्र किती साधा! खोल श्वास घेऊन धरला की फुप्फुसे फुगतात व हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते. सुमारे वीस सेकंद श्वास धरायचा, तेवढ्यातच किरण सोडायचे. छताचे कॅमेरे त्वचेवर उजेडाची नक्षी टाकून छातीचा उंचसखलपणा मोजत राहतात. छाती काही मिलिमीटर जरी मर्यादेबाहेर गेली, तरी किरण आपोआप थांबतात.

हे मला आज कळते. मावशीला त्या दिवशी कोणी सांगितले होते? एका इंग्रजी कागदावर सही घेतली, एवढेच. उघड्या छातीने ती टेबलावर पडलेली, वर कॅमेरे, आणि भिंतीतून आवाज, “ब्रीद इन, होल्ड!” लाजेने, भीतीने तिचा श्वास वरच्या वर. किरण सुरू होत, बंद पडत. थोड्या वेळाच्या कामाला पाऊण तास लागला. बाहेर येऊन ती म्हणाली, “पोरी, उद्या मी येत नाही. माझे फोटो कोण कोण बघणार गं?”

दुसऱ्या दिवशी मी तंत्रज्ञांना गाठले. माणूस घाईत होता, पण भला. त्याने पडदा दाखवला. त्यावर फोटो नव्हताच, नुसता एकरंगी आकार होता. मावशी चक्क हसली, “अगं, हा तर शाडूचा पुतळा!” मग घरी खाटेवर सराव. मी आकडे मोजायचे, तिने श्वास धरायचा. चौथ्या दिवसापासून यंत्र अडले नाही.

गरीब देशाला असली यंत्रे ही चैन आहे, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. कर्करोगातून वाचलेल्या बाईने पुढे दहा वर्षांनी हृदयविकाराने का जावे? पण यंत्रावर एवढा पैसा घालणाऱ्यांना मराठीतले एक पान छापणे, मराठीत “श्वास घ्या, धरा” म्हणणे, खोलीत एक बाई उभी करणे का जमू नये? घाबरलेला श्वास यंत्राला चालत नाही. तेव्हा हे समजावणे उपचाराचाच भाग झाले.

त्या पानाचा मसुदा मी केला आहे. आमच्या मराठी विभागाने तो तपासून द्यावा, ही विनंती. पहिले वाक्य मावशीचे आहे : “बाई, हा फोटो नव्हे.”