दिवा लिहिला, देवा झाला

कंग्राळीहून बेळगावला येताना बसमध्ये माझी बोटं मांडीवर टिंबं मोजत असतात. बी.एड. करताना ब्रेल शिकतेय. सहा टिंबांची लिपी, त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं.

अवघड टिंबं नाहीत. एका वेळी डोक्यात किती गोष्टी धराव्या लागतात, ते अवघड आहे. स्लेटवर स्टायलसनं टोचायचं तर उजवीकडून डावीकडे, अक्षर उलटं. कारण वाचताना कागद पालटायचा असतो. संगणकावर मात्र एफ, डी, एस आणि जे, के, एल या सहा कळांनी सरळ. ही दोन्ही आम्ही एकाच आठवड्यात सुरू केली. वर कानात स्क्रीन रीडरची बडबड. मग व्हायचं तेच झालं. 'इ'ची टिंबं २ आणि ४, 'ए'ची १ आणि ५. आरशात धरली तर एकाची दुसरी होतात. मी 'दिवा' लिहिला. वर्गातल्या अंध मैत्रिणीनं बोट फिरवलं नि हसली, "अगं, हे 'देवा' झालंय!"

आम्ही हसलो. पण उद्या एखाद्या मुलाच्या वहीत हीच चूक असली आणि मला कळलीच नाही, तर?

काही जण म्हणतात, सॉफ्टवेअर मजकूर ब्रेलमध्ये करून देतं, मग हा खटाटोप कशाला? पुस्तकं छापायला ते हवंच. पण मुलानं स्लेटवर टोचलेलं त्याच्या शेजारी बसून कोण वाचणार? माझं म्हणणं एवढंच: साधनं सगळी हवीत, पण एकेक करून. स्लेटवर हात बसू द्या, मग कळा, शेवटी आवाज. शिकणाऱ्याच्या डोक्यालाही श्वास घ्यायला जागा हवी.

आणि एक गंमत. आपल्याकडे पाट्यांवरच्या अक्षरांवरून केवढे वाद! पण १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकच, टिंबं १ आणि ३. शेजारच्या बाकावरची कन्नड मैत्रीण आणि मी एकमेकींची उजळणी घेतो.

परवा 'कंग्राळी' लिहिलं. आठ घरं लागली. जोडाक्षराची खूण 'ग'च्या आधी, वेलांटी 'ळ'च्या नंतर. मैत्रिणीनं बोट फिरवलं नि म्हणाली, "उतर आता, तुझा स्टॉप आला!"